शेवटची अर्धी गोळी

"आता बरी आहेस ना? मग कशाला चालू ठेवतेस त्या गोळ्या?" असं घरात कुणीतरी विचारतंच. कधी सासूबाई, कधी आई, कधी नवरा. विचारणं मायेचंच असतं. शिवाय जिला विचारलं जातं, तिच्या मनातही तेच चाललेलं असतं. रात्री जेवणं आटोपल्यावर पट्टीतून गोळी बाहेर काढताना ती रोज स्वतःला विचारत असते, अजून किती दिवस? आणि बंद केली तर काय होईल?

मग एक दिवस गोळी बंद होते. बहुतेक वेळा ती ठरवून बंद केलेली नसते. गावाला जाताना पट्टी घरीच राहते. दिवाळीत दवाखाना आठवडाभर बंद असतो. मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर औषध देत नाही. मुलीचं लग्न जमत असतं आणि मुलाकडच्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून घरचेच गोळ्या कपाटाच्या तळाशी सारतात. कुणी दोन महिने बरे गेले म्हणून मनाशी ठरवतं, आता निश्चयाच्या बळावर निभावून नेऊ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गरगरायला लागतं, मळमळतं, झोप उडते, कारण नसताना रडू फुटतं. माणूस हादरतो. पुन्हा गोळी घेतली की एक-दोन दिवसांत सगळं निवतं. त्यावरून तो दोन निष्कर्ष काढतो. आपला आजार बरा झालेलाच नव्हता, हा पहिला. ही गोळी आता जन्मात सुटायची नाही, हा दुसरा.

हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असू शकतात. तरी त्या चार-पाच दिवसांच्या अनुभवावर कित्येक जण पुढची दहा वर्षं बेततात, याचं मला फार वाईट वाटतं.

हा लेख गोळ्या सोडा असं सांगण्यासाठी नाही, हे आधीच सांगून ठेवते. नैराश्यावरच्या आणि चिंताविकारावरच्या औषधांनी असंख्य माणसांना पुन्हा उभं केलं आहे. काहींनी ती वर्षानुवर्षं घेणंच योग्य असतं. बायपोलर, स्किझोफ्रेनिया, अपस्मार यांवरच्या औषधांचं गणित वेगळं आहे आणि त्याबद्दल इथलं काहीही लागू करू नये. पण ज्यांनी डॉक्टरांशी बोलून गोळी सोडायची ठरवली आहे, किंवा भीतीपोटी तो विषयच काढलेला नाही, त्यांना शरीरात नेमकं काय घडतं हे माहीत असायला हवं.

घोळाची सुरुवात आपल्या 'सवय' या शब्दापासून होते. गोळ्यांची सवय लागते, असं आपण सरसकट म्हणून टाकतो आणि त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतो. एक म्हणजे व्यसन. त्यात ओढ असते, मात्रा वाढवत नेण्याची तलफ असते, त्यापायी कामधंदा आणि नातीगोती उद्ध्वस्त होतात. एसिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिनसारख्या औषधांची अशी तलफ कुणाला येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराने औषधाच्या हजेरीशी जुळवून घेणं. ते व्यसन नव्हे. दम्यासाठी महिनोन्महिने घेतलेलं स्टिरॉइड किंवा रक्तदाबासाठीचं बीटा ब्लॉकर हेही डॉक्टर एकदम तोडू देत नाहीत, हळूहळू कमी करतात. त्या रुग्णाला कुणी व्यसनी म्हणत नाही. मनाच्या गोळीलाच तेवढा हा डाग लागतो.

जुळवून घेणं म्हणजे काय? मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन सोडतात आणि काम झालं की ते परत शोषून घेतात. शोषून घेणारे सूक्ष्म पंप ही औषधं अडवतात. महिनोन्महिने पंप अडलेले राहिले की मेंदू त्या परिस्थितीला धरून आपली इतर व्यवस्था बदलतो. सेरोटोनिन जास्त वेळ रेंगाळतं आहे म्हणून ते टिपणाऱ्या ग्राहींची संवेदनशीलता कमी करतो. औषध अचानक थांबलं की पंप दोन-चार दिवसांत मोकळे होतात, पण मेंदूने बदललेली मांडणी पूर्ववत व्हायला आठवडे लागतात, क्वचित महिने. या मधल्या तफावतीत त्रास होतो. गरगरणं, फ्लू झाल्यासारखं अंग मोडून येणं, मळमळ, विचित्र आणि ठसठशीत स्वप्नं, चिडचिड, घाम. आणि एक लक्षण असं, की ज्याला होतं तो ते कुणाला सांगायलाही बिचकतो. डोळे बाजूला फिरवले की डोक्यात क्षणभर वीज चमकल्यासारखा झटका बसतो. आपल्याला वेड लागतंय की काय, अशी शंका त्यातून येते. वेड लागत नसतं. हे लक्षण जगभर नोंदलेलं आहे आणि ते औषध सुटण्याचं आहे.

या गोष्टी नव्याने कळल्या असंही नाही. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक, इमिप्रामिन. स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेन इथे रोलांड कून यांनी त्याचा परिणाम ओळखला आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर दोनच वर्षांत, हे औषध थांबवल्यावर रुग्णांना त्रास होतो अशा नोंदी डॉक्टरांनी केल्या. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला परवानगी मिळाली आणि नव्या पिढीची औषधं घरोघरी पोचली. त्यांच्याही बाबतीत तक्रारी आल्या. १९९६ मध्ये फ्लुऑक्सेटिन बनवणाऱ्या एली लिली कंपनीच्या खर्चाने फिनिक्स शहरात तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिथून 'डिसकंटिन्युएशन सिंड्रोम' हे सौम्य नाव रूढ झालं. दारू किंवा अफू सोडताना होणाऱ्या त्रासासाठी वापरला जाणारा शब्द टाळला गेला. रुग्ण घाबरू नयेत असा एक हेतू असेलही. पण सौम्य नावामुळे त्रासही सौम्यच असणार, असं डॉक्टरांच्या पिढ्यांनी गृहीत धरलं. ब्रिटनच्या २००९ च्या सरकारी मार्गदर्शिकेत हा त्रास बहुधा सौम्य असतो आणि आठवडाभरात आपोआप थांबतो असं लिहिलेलं होतं. ज्यांचा त्रास महिनाभर चालला, त्यांना साहजिकच सांगितलं गेलं, तुमचा मूळ आजारच उलटला आहे. ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने काहींना हा त्रास तीव्र आणि दीर्घ असू शकतो हे उघडपणे मान्य केलं ते २०१९ मध्ये. साठ वर्षं लागली.

तर मग किती जणांना हा त्रास होतो? यावर शास्त्रज्ञांमध्ये चांगलीच जुंपली आहे. २०१९ च्या एका आढाव्यात निम्म्याहून अधिक लोकांना होतो असं म्हटलं होतं. त्यात स्वतःहून प्रतिसाद देणाऱ्यांच्या पाहण्या बऱ्याच होत्या आणि ज्याला त्रास झाला तोच अशा पाहणीत हिरिरीने उतरतो, असा आक्षेप आला. २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त ७९ अभ्यासांचा, २१ हजार माणसांचा एकत्रित हिशेब आला. औषध थांबवलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणं जाणवली. पण ज्यांची फक्त खोटी गोळी, म्हणजे औषध नसलेली गोळी थांबवली होती, त्यांच्यापैकीही १७ टक्क्यांना जाणवली! म्हणजे निव्वळ धास्तीनेही अंगात लक्षणं उमटतात. धास्तीचा वाटा वजा केला तर दर सहा-सात माणसांमागे एकाला औषध सुटल्याचा खरा त्रास होतो, आणि दर ३५ माणसांमागे एकाला तो तीव्र होतो. याही हिशेबावर आक्षेप आहे. यातल्या बऱ्याच अभ्यासांत माणसांनी औषध काही महिनेच घेतलेलं होतं. आठ-दहा वर्षं घेणाऱ्यांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. बहुसंख्यांची गोळी फारशी तोशीस न लागता सुटते. आणि ज्याला त्रास होतो, त्याचा त्रास खरा असतो.

कोणत्या औषधाने किती त्रास, हे बरंचसं ते शरीरातून किती वेगाने ओसरतं यावर ठरतं. रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे त्याचं अर्धायुष्य. पॅरॉक्सेटिनचं जवळपास एक दिवस, व्हेनलाफॅक्सिनचं तर फक्त पाचेक तास. फ्लुऑक्सेटिन मात्र काही दिवस टिकतं, आणि त्यापासून शरीरात तयार होणारं दुसरं द्रव्य आठवडा-दोन आठवडे. म्हणून फ्लुऑक्सेटिन सोडणं तुलनेने सोपं जातं, ते स्वतःच स्वतःला हळूहळू कमी करतं. पहिल्या दोघांचा एखादा डोस चुकला तरी काहींना संध्याकाळपर्यंत जाणवतं.

आता या लेखाच्या नावाकडे येते. डॉक्टर साधारणपणे सांगतात, दोन आठवडे अर्धी घ्या, मग बंद करा. ऐकायला हे हळूहळू वाटतं. पण सिटॅलोप्रॅमचं मेंदूतलं गणित पाहा. २० मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के पंप अडलेले असतात. मात्रा निम्म्यावर, १० मिलिग्रॅमवर आणली तर ते प्रमाण सत्तरच्या आसपास येतं. म्हणजे निम्मं औषध काढूनही परिणामातले दहाएक टक्केच कमी झाले. ५ मिलिग्रॅमला अजूनही साठच्या जवळ. आणि आता ती शेवटची ५ मिलिग्रॅमची गोळी बंद केली की साठवरून थेट शून्य. आपल्याकडे जास्त वापरल्या जाणाऱ्या एसिटॅलोप्रॅमचं गणितही असंच, मात्रा तेवढ्या निम्म्या.

पुण्याहून मुंबईला निघालेली गाडी आठवा. लोणावळ्यापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर ती जवळपास सपाटीवरून धावते. नकाशावर एक तृतीयांश वाट सरली तरी सह्याद्री उतरलेला नसतो. सगळा उतार खंडाळ्यापासून कर्जतपर्यंतच्या थोड्याशा टप्प्यात. म्हणून घाटात मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी गाड्या थांबवण्याची पद्धत आहे. तिथे उतारू चढत-उतरत नाहीत, ते थांबणं ब्रेकच्या खात्रीसाठी. गोळी सोडतानाही खरा घाट शेवटी असतो, आणि नेमका तोच आपण एका उडीत उतरतो, कारण गोळी इतकी लहान झालेली असते की तिच्यात काय राहिलंय असं वाटतं.

हे गणित २०१९ मध्ये लंडनमधल्या मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी नेमकेपणाने मांडलं. होरोविट्झ स्वतः मानसोपचाराचे डॉक्टर, आणि अनेक वर्षं नैराश्यावरचं औषध घेतल्यावर ते सोडताना स्वतःलाच जबर त्रास झाल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की मात्रा खाली येईल तशी पुढची पायरी लहान करत न्यावी. दर वेळी मूळ मात्रेचा नव्हे, तर हातात उरलेल्या मात्रेचा ठरावीक हिस्सा कमी करावा, मध्ये थांबावं, अंग स्थिरावलं की पुढे जावं. शेवटचा टप्पा एखाद्या मिलिग्रॅमपर्यंत बारीक असावा. कुणाचं हे महिन्या-दोन महिन्यांत होतं, कुणाला वर्ष लागतं. नेदरलँड्समध्ये यासाठी रोजच्या मात्रेच्या छोट्या पुड्या ओळीने जोडलेल्या खास पट्ट्या मिळतात, प्रत्येक पुडीत आदल्यापेक्षा किंचित कमी औषध.

आपल्याकडे अडचण इथेच येते. एसिटॅलोप्रॅमची सर्वांत लहान गोळी सहसा ५ मिलिग्रॅमची मिळते. तिचे चार तुकडे करायचे म्हटले तर अर्धा भुगा हाताला लागतो. पातळ औषध मिळवणं अवघड. मग सोय म्हणून सांगितलं जातं, एक दिवसाआड घ्या. झटपट ओसरणाऱ्या औषधांच्या बाबतीत हा सल्ला गैरसोयीचाच ठरतो. मेंदूला एक दिवस औषध मिळतं, एक दिवस मिळत नाही, आणि रोजच हिंदोळा. रोज थोडी कमी मात्रा हे एक दिवसाआड पूर्ण मात्रेपेक्षा सहसा बरं. वेष्टनावर 'एक्सआर', 'सीआर', 'एसआर' अशी अक्षरं असतील तर ती गोळी संथपणे विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. ती चुरायची नाही, आणि डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारल्याशिवाय तोडायचीही नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. आपल्या बाजारात एसिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घातलेली जोडगोळी सर्रास चालते. घेणाऱ्याला ती एकच गोळी वाटते. प्रत्यक्षात त्यात दोन औषधं आहेत आणि दोघांची जात निराळी. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम हा बेंझोडायझेपिनांचा गट. यांना आपल्याकडे झोपेची गोळी किंवा टेन्शनची गोळी म्हणतात. इथे मात्र 'सवय' हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो, आणि काही आठवड्यांतच. बरेच दिवस घेतलेली ही गोळी एकदम थांबवली तर पराकोटीची अस्वस्थता येते, रात्र-रात्र डोळा लागत नाही, आणि झटके येऊ शकतात, तेही कधीच फिट न आलेल्या माणसाला. त्यातून जिवावर बेतू शकतं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं या गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. त्यांचा भर दोन गोष्टींवर होता. कमी करणं अतिशय सावकाश असावं आणि वेग रुग्णाने ठरवावा. म्हणून तुमच्या पट्टीवर बारीक अक्षरांत दोन नावं आहेत का, हे आजच बघा. असतील तर कोणतं आधी आणि कसं कमी करायचं हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. जोडगोळी अर्धी करत गेलात तर दोन्ही औषधं एकदम खाली येतात, आणि त्रास झाला तर कशाचा झाला हे कुणालाच सांगता येत नाही.

सुटतानाच्या त्रासाची भीती झाली. आता दुसरी भीती. ती बाष्कळ नाही. आजार परत येऊ शकतो. ब्रिटनमध्ये साध्या दवाखान्यांतून उपचार घेणाऱ्या ४७८ जणांवर एक काटेकोर अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे बराच काळ औषध घेणारे, बरे असलेले, आणि सोडण्याचा विचार करू शकतील असे. निम्म्यांचं औषध कळू न देता काही आठवड्यांत थांबवलं, निम्म्यांचं चालू ठेवलं. वर्षभरात थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना नैराश्य पुन्हा आलं, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. हा आकडा मी दोन्ही बाजूंनी वाचते. औषध राखण करत होतं, हे खरं. पण थांबवलेल्या शंभरातल्या ४४ जणांचं वर्ष चांगलं गेलं, आणि चालू ठेवूनही ३९ जणांना आजाराने गाठलंच. म्हणजे गोळी चालू असणं ही हमी नाही आणि बंद करणं ही शिक्षा नाही. २०१५ च्या आणखी एका अभ्यासात वारंवार नैराश्य येणाऱ्या ४२४ जणांपैकी एका गटाला सजगतेवर आधारलेली मानसोपचार पद्धत शिकवून औषध कमी करायला मदत केली, दुसऱ्याचं औषध चालू ठेवलं. दोन वर्षांनी पहिल्या गटात ४४ टक्क्यांचा आजार परतला, दुसऱ्यात ४७ टक्क्यांचा. शिकलेलं कौशल्य औषधाच्या तोडीला उभं राहू शकतं. अडचण एवढीच, की आपल्याकडे गोळी गल्लीच्या तोंडाशी मिळते आणि असा मानसोपचार तालुक्याच्या गावीसुद्धा मिळत नाही.

गोळी सुटतानाचा त्रास आणि आजाराचं परतणं, हे वेगळं ओळखता येतं का? पुष्कळदा येतं. सुटण्याचा त्रास मात्रा कमी केल्यावर काही दिवसांतच सुरू होतो. त्यात गरगरणं, डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका, मळमळ अशी मूळ आजारात कधीच नसलेली लक्षणं असतात. तो लाटेसारखा येतो आणि ओसरतो, आणि मात्रा पूर्ववत केली की एक-दोन दिवसांत निवतो. आजार परततो तो बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, पावलं न वाजवता. सकाळी उठवेनासं होतं, माणसं टाळावीशी वाटतात, चव जाते. गोळी पुन्हा सुरू केल्यावरही उतार पडायला आठवडे लागतात. सीमारेषा नेहमीच इतकी स्वच्छ नसते, कारण रडू येणं आणि जीव घाबरणं दोन्हीकडे असतं. म्हणून साध्या दिनदर्शिकेवर रोजची मात्रा आणि दोन शब्दांत दिवस कसा गेला एवढं लिहून ठेवावं. पाच मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना तेवढा कागद जे सांगतो, ते आपल्याला सुचत नाही.

सोडायची वेळ कोणती? पूर्ण बरं वाटू लागल्यावर निदान ६ महिने औषध चालू ठेवावं, पुन्हा पुन्हा आजार आलेल्यांनी त्याहून जास्त, हे बहुतेक मार्गदर्शिका सांगतात. त्यानंतरही परीक्षेचा महिना, बदली, घरातलं आजारपण किंवा लग्नघर असताना सुरुवात करू नये. बाळाची चाहूल लागली म्हणून घाबरून त्याच दिवशी गोळी फेकूनही देऊ नये, आधी डॉक्टरांना भेटावं. आणि लग्न जमतंय म्हणून एका रात्रीत गोळ्या बंद करणं, हे तर मुलीशी किंवा मुलाशी घरच्यांनीच केलेलं क्रौर्य आहे. ऐन हळदीच्या दिवशी तिला गरगरत असतं आणि का ते कुणालाच माहीत नसतं.

डॉक्टरांना विचारायला बिचकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, सुचवलेला उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम आपल्याला समजेल अशा भाषेत कळण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. गोळी सुरू करतानाच ती कशी थांबवायची हेही विचारता येतं. डॉक्टर वैतागले, तर तो त्यांचा दोष.

घरच्यांना एकच विनंती. गोळी कमी होत असताना तिच्यावर पाळत ठेवू नका, आणि 'अजून सुटली नाही का?' असं विचारू नका. चिडचीड झाली तर थोडं पोटात घाला, रात्री तिला लवकर झोपू द्या, सकाळी तिच्याबरोबर चालायला जा. मात्रा पुन्हा एक पायरी वर न्यावी लागली, तर ती हार नव्हे, घाटातलं थांबणं आहे. पण जगणं नको असं बोलणं कानावर आलं, मग ते कितीही सहज बोललेलं असो, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. दवाखाना बंद असेल, मध्यरात्र असेल, तरी शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालू असते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.